तात्याबाचा कावळा

(सोलापूर. गिरणीमागच्या चाळीतली खोली. सकाळची वेळ; आज गिरणीला सुट्टी. बाळाबाई चुलीपुढं भाकरी थापतेय. तिचा थोरला भाऊ तात्याबा धनगर सांगोल्याकडच्या गावाहून नुकताच आलाय आणि दारातच घोंगडं टाकून बसलाय.)

तात्याबा : ते पानीबिनी ऱ्हाऊ दे बाजूला. आदी मला सांग, मी मेलो असं तुला कुनी सांगिटलं न्हवतं न्हवं?

बाळाबाई : अगं बया! काय बोलतुयास दादा? सकाळच्या पारी असलं अभद्र!

तात्याबा : म्हंजी तुला ठावंच न्हाई.

बाळाबाई : काय ठावं असायचं? ढळढळीत म्होरं बसलायस की. चिलीम वडतुयास.

तात्याबा : वडतुय. पर गावाच्या हिशेबानं मी मेलो. माझं दहावं झालं. लोकं जेवून हात धुवून घरला गेली.

बाळाबाई : तुझं दहावं?

तात्याबा : माझं.

बाळाबाई : ही बघ, भाकरी करपली माझी. दादा, नीट पैल्यापासनं सांग, न्हाईतर मला तरी कायतरी हुईल.

तात्याबा : मी मेंढरं घिऊन भीमेच्या काठाकाठानं विजापुराच्या अंगाला गेलतो. आवंदा आपल्याकडं चाराच न्हवता. किती दिस गावाचा न् माझा संबंद न्हाई. हिकडं आपला धुळा घोंगडी इकाया सोलापूरच्या बाजाराला आला. आन् त्यानं बाजारात सिदूला बघिटलं.

बाळाबाई : आमच्या सिदूला?

तात्याबा : तुमच्या कशाचा, माझ्या. पोटचा ल्योक हाय माझा. तुज्याकडं ऱ्हायला ठिवलाय, दत्तक न्हाई दिला.

बाळाबाई : बरं बाबा, तुझ्या सिदूला. मग?

तात्याबा : मग काय! पोराच्या मिशीला वस्तरा. ओठ कसा, सोललेल्या कांद्यागत लखलखीत.

बाळाबाई : अरं द्येवा. आलं ध्यानात.

तात्याबा : आलं न्हवं? मग सांग. आपल्यात बाप मेल्याबिगर कोन मिशी काढतं?

बाळाबाई : कुनी न्हाई काढत.

तात्याबा : मग धुळ्यानं काय समजायचं? मी मुलखापार, माझा सांगावा न्हाई, आन् थोरल्या पोराचा ओठ साफ.

बाळाबाई : इचारायचं की पोराला! धुळ्याला द्येवानं तोंड दिलं न्हाई का?

तात्याबा : बाप गेलेल्या पोराला बाजारात हुबं करून इचारायचं व्हय, का रं, बाप कसा मेला म्हनून? धुळा तसला मानूस न्हाई. त्यानं लांबनंच पटका काढला, डोळं पुसलं, घोंगडी पुन्यांदा पाठीवर टाकली आन् गावाची वाट धरली.

बाळाबाई : घोंगडी इकली बी न्हाईत?

तात्याबा : न्हाई. लई जीव हाय त्याचा माज्यावर. त्या जिवापायीच घात झाला.

बाळाबाई : पर मग मला तरी कळवायचं. तुझी सख्खी भैन मी. तू गेल्यावर पैली छाती मी बडवायची का गावानं?

तात्याबा : गावाला वाटलं, बातमी सोलापूरनंच आली म्हंजी सोलापूरवाल्यांस्नी समदं ठावं. म्हनली, थोरल्यानं तिकडंच बापाला माती दिली, मिशी काढली, आन् आमास्नी कळीवलं सुदीक न्हाई. बाळाबाई गिरनीत जायला लागल्यापास्नं लई शानी झालीया. अशा रागात कोन सांगावा धाडतंय? माझ्या धाकल्या पोराला, बाळासोला म्होरं केलं आन् त्याच्या हातनं समदं उरकलं.

बाळाबाई : माझ्या नावानं बोटं मोडली असतील बायकांनी.

तात्याबा : लई.

बाळाबाई : आन् म्हाळसावैनी?

तात्याबा : भाकरी झाली का बघ.

बाळाबाई : भाकरी होईल. वैनीचं काय केलं त्या मानसांनी? दादा, बोल की.

तात्याबा : काय करत्यात? कुक्कू पुसलं. हातातल्या बांगड्या फोडल्या. मी तिकडं आजारी कोकरू काखंत घिऊन हिंडत हुतो, त्येला दूध पाजत हुतो, आन् हिकडं माझी बायकू रांडकी करून ठिवली.

बाळाबाई : माझ्या वैनीची दशा… थांब, मला डोळं पुसू दे.

तात्याबा : रडू नगंस. म्होरचं ऐक, हसशील. मी गावात आलो. आता मेलेला मानूस घरात कसा घ्यायचा? बिरोबाचा पुजारी म्हनला, ज्येचं दहावं झालं त्येनं नव्यानं जल्माला आल्याबिगर उंबऱ्यात पाय ठिवायचा न्हाई. न्हाईतर घराला बाधा.

बाळाबाई : जल्माला? ह्या वयात?

तात्याबा : घोंगड्याची झोळी बांधली लिंबाच्या फांदीला. उचलून घातलं मला आत. पाय भाईर. गडी झोका देत्यात, बाया अंगाई म्हनत्यात, आन् मी आत पटका सावरतुय.

बाळाबाई : बिरोबा! तुझं बारसं?

तात्याबा : बारसं. पर बारशाला नाव ठिवायला आत्ती पायजे. माझ्या आत्त्या कवाच गेल्या. मग गाव म्हनलं, ज्येनं ही आफत आनली त्येलाच आत्ती करा. धुळ्याच्या डोईवर पदर दिला. त्येनं माझ्या कानात कुर्रऽऽ केलं, आन् रीतीपरमानं समद्यांनी त्येच्या पाठीत बुक्क्या मारल्या. बुक्क्या मातुर लई मनापासनं मारल्या.

बाळाबाई : माझं पोट दुखाया लागलं. आन् नाव काय ठिवलं?

तात्याबा : तात्याबाच. दुसरं कुनाला सुचंना.

बाळाबाई : मग वैनीसंगं…

तात्याबा : लगीन. पुन्यांदा. बांगड्या भरल्या, भंडारा उधळला, ढोल वाजवलं. लाजली की गं म्हाळसा.

बाळाबाई : आन् तू?

तात्याबा : पैल्या लगनात आमी दोगं बी झोपलो हुतो, कुनाच्या तरी मांडीवर. ह्या डावाला जागा हुतो. चांगली दिसती ती.

बाळाबाई : मरायचं सोनं झालं म्हन की तुझ्या.

तात्याबा : सोनं न् बिनं! पोराला न्यायला आलोय मी. गप गावाकडं यील, मिशी वाढवील, मेंढरामागं हिंडंल. बाप जित्ता असताना बापाचं सुतक मिरवायचं, ही कुटली रीत?

बाळाबाई : थांब. एक इचारायचं ऱ्हायलं. दहाव्याला कावळा शिवला का?

तात्याबा : सिदू कवा येतुय?

बाळाबाई : जित्या मानसाच्या पिंडाला कावळा शिवंलच कसा? आन् शिवला न्हाई तर दहावं उरकलं कसं?

तात्याबा : उरकलं कसंतरी. तू कावळं नगं मोजत बसू. पोरगं कुटं हाय?

बाळाबाई : तालमीला. आज रातच्याला खेळ हाय नाटक कंपनीचा, थेटरात. सिदूचं पैलंच मोठं काम.

तात्याबा : ढोल वाजवायला ठिवला हुता मी त्येला तितं.

बाळाबाई : ढोलच वाजवत हुता. पर एक दिस नुसता बसल्या बसल्या गायला, आन् त्यांच्या गान्याच्या मास्तरांनी ऐकलं. शिवयोगी मास्तर, अक्कलकोटाकडलं लिंगायत. मराठीत बोलता बोलता कानडीत शिरत्यात. 'छलो, छलो', म्हंजी झ्याक, झ्याक करत पायपेटी तशीच टाकून उठलं. दुसऱ्या दिसापास्नं पोराला रोज म्होरं बसवून शिकवाया लागलं. आता राणीचं काम दिलंय.

तात्याबा : राणीचं?

बाळाबाई : मग? राणीला मिशी असती व्हय?

तात्याबा : मग राणी बाईमानसानं करावी.

बाळाबाई : चांगल्या घरची बाई नाटकात हुबी ऱ्हाती का?

तात्याबा : मग माझं पोरगं काय वाईट घरचं हाय?

बाळाबाई : तसं न्हवं दादा…

तात्याबा : तसंच हाय ते. तुझीच फूस हाय समदी.

बाळाबाई : हाय माझी फूस. उगं कशाला खोटं बोलू? माझं लुगडं नेसून ह्याच खोलीत चालाया शिकला त्यो. पैल्या दिशी धाडकन पडला, त्या कोपऱ्यात. म्या म्हनलं, ल्येका, मेंढरामागनं चालल्यागत ढांगा टाकू नगंस, डोईवर भरली घागर हाय असं धर. शेजारची सुंदरम्मा, साळ्याची, ती त्येचा अंबाडा घालती. तिला मराठी धड येत न्हाई, ह्येला तेलुगू येत न्हाई, पर रोज सांजच्याला हातमागावरनं उठून येती आन् त्येच्या डोक्याला त्याल लावती. म्हनती, पोरीगत केस हायती. समदी चाळ राबतीया त्या पोरामागं. आन् तू आलायस, चल म्हनाया.

तात्याबा : चाळीचा न्हाई ल्योक, माझा हाय.

बाळाबाई : व्हय, तुझा. पर एक सांग. त्येला आन, असं वैनी म्हनली का?

तात्याबा : म्हाळसा म्हनली, त्येला एकडाव जित्तं तोंड दावून या.

बाळाबाई : आन म्हनली?

तात्याबा : तसं न्हाई म्हनली.

बाळाबाई : बघ! वाजली पावलं. आला वाटतं.

सिदू : आत्ती, आज तालीम लवकर आटोपली. मास्तर म्हणाले, घसा जपा, थंड पाणी पिऊ नका… आबा! आपण कधी आलात?

तात्याबा : आपण? आपण कोन? कुनाला बोलतुय ह्यो?

बाळाबाई : तुलाच. कंपनीची बोली हाय ती. घरात आला की उतराया जरा येळ लागतो.

सिदू : आबा, कवा आलासा? मेंढरं कुटं हायती? आय बरी हाय का?

तात्याबा : हां, आता माझा वाटतुयास. तोंडावरचं फडकं काढ.

सिदू : धूळ हुती रस्त्याला, म्हणून जरा…

तात्याबा : काढ म्हनतो न्हवं!

सिदू : काढतो आबा. हे बघा.

तात्याबा : बघिटलंस बाळे? मी हितं बसलोय, आन् ह्येच्या तोंडावर मी मेलोय.

सिदू : आबा, मला माफी करा. मी लई दिस टाळलं. ओठाला रंग फासून बघितला, मिशी वरनं दिसायचीच. मास्तर म्हणले, सिदू, गाणं राणीचं आहे आणि तोंड फौजदाराचं. मग सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. देवाला सांगितलं, माझा बाप जित्ता आहे, शंभर वर्षं जगणार आहे, ही मी त्यांच्यासाठी काढत न्हाई, कामासाठी काढतोय. आणि काढली. टाकली नाही. कागदात बांधून ठेवलीया.

तात्याबा : काय ठेवलीया?

सिदू : मिशी. ट्रंकेत आहे.

तात्याबा : दाव.

सिदू : ही.

तात्याबा : एवढीच हुती?

सिदू : नुकतीच येत हुती आबा.

तात्याबा : एवढ्याशा केसांपायी गावानं माझा जीव घेतला? मला वाटलं, निदान झुपकेदार तरी आसंल!

सिदू : गावानं? जीव? आत्ती, काय म्हणतात आबा?

बाळाबाई : बस खाली. धुळ्यानं तुला बाजारात बघिटलं, आन् मिशी न्हाई बघून बाप गेला असं समजला. गावानं तुझ्या बापाचं दहावं घातलं. तुझ्या आयच्या बांगड्या फोडल्या, कुक्कू पुसलं. नंतर ह्यो गेला जित्ताजागता, मग समदं पुन्यांदा केलं. आता बरी हाय ती. रडू नगंस. घसा बसंल.

सिदू : बसू दे. माझ्यापायी आयच्या बांगड्या… मी काय केलं हे! आबा, मी येतो तुमच्यासंगं. आत्ता येतो. राणी दुसरा कुणी करंल, दोघंजण टपून बसल्यात त्या कामाला. मिशी वाढवतो आणि आयपुढं जाऊन उभा राहतो. आत्ती, माझं धोतर दे दांडीवरचं.

बाळाबाई : ऐकलंस दादा? झालं तुझ्या मनासारखं? आता बोल की.

तात्याबा : काय बोलू?

बाळाबाई : ज्येच्यासाठी आलास ते मिळालं. मग तोंड का असं पडलंय?

तात्याबा : पोरगं रडतंय म्हनून.

बाळाबाई : त्येच्यासाठी न्हाई. तुझ्या पोटात कायतरी हाय. मघाशी कावळा म्हनलं तर तू सिदूचंच इचाराया लागलास. सांग, कावळा शिवला का न्हाई?

तात्याबा : शिवला.

बाळाबाई : तू जित्ता असताना?

तात्याबा : जित्ता असताना. आन् मी तितंच हुतो.

सिदू : कुटं आबा?

तात्याबा : बाभळीआड. मेंढरं घिऊन परत येत हुतो, तर वढ्याला समदं गाव जमलेलं. पिंड मांडलेला. म्या मनात म्हनलं, गेलं कुनीतरी बिचारं. मयताच्या कामात मधीच घुसू नये. मेंढरं मागं माळावरच ठिवली, पटका काढला आन् बाभळीआड खाली बसलो, मान घालून. दुःख बी झालं मला. आन् ऐकतो तर काय, समदी माझंच नाव घेत्यात.

बाळाबाई : मग उठायचं की!

तात्याबा : कसा उठू? समदी एवढ्या मनापासनं बसलेली. धुळा तर हमसून हमसून रडत हुता. अशात उठून मी हाय म्हनायचं म्हंजी… मलाच लाज वाटाया लागली, मी का मेलो न्हाई म्हनून.

बाळाबाई : दादा, तुझं काय करावं!

तात्याबा : कावळं बसल्याती झाडावर, पर खाली एक उतरंना. बाळासो म्हनला, आबा, मेंढरं नीट सांभाळीन. न्हाई आला कावळा. भावकी म्हनली, तात्याबा, बांधाचं भांडन मिटवलं, जागा तुझ्या पोरांची. न्हाई आला.

बाळाबाई : बांधाचं भांडन मिटवलं?

तात्याबा : समद्या गावाम्होरं शबूद दिला. आता त्यास्नी फिरता येईना. ते एक बरं झालं.

सिदू : मग आबा? कावळा कुणाच्या बोलण्याला शिवला?

तात्याबा : ऊन वर आलं, मानसं खोळंबली. मग म्हाळसाला घरनं बोलावून आनली.

सिदू : आय काय म्हणली?

तात्याबा : ते ऱ्हाऊ दे.

सिदू : आबा, सांगा की. लई रडली का ती?

तात्याबा : न्हाई रडली. तेच तर. मला वाटलं हुतं, छाती बडवंल, आंग टाकंल. तसलं काय न्हाई. नुसती आली. रिकामा हात असा कमरंवर ठिवला. मान जरा तिरकी. आन् मला जेवाया हाळी मारती ना, तशी, त्या कावळ्याकडं बघून बोलाया लागली. म्हनली, 'ऐका वं. आता मेलासा, आता तरी खरं बोला. लोकांम्होरं पोराला शिव्या देत हुता, गळा काढतंय म्हनून. आन् त्यो वढ्याच्या पल्याड गाया बसला की तुमी मेंढरांचा वाडा उचलून त्याच अंगाला न्ह्यायचा. मला दिसत न्हवतं व्हय? तुमास्नी त्येचं गानं लई ग्वाड लागत हुतं. तोंडानं कवा बोलला न्हाईसा. त्येच्यातच जीव अडकलाय तुमचा, दुसऱ्या कशात न्हाई. तर ऐका. पोराला कंपनीतनं कुनी माघारी आननार न्हाई. मी आनू द्यायची न्हाई. झालं समाधान? या आता. जेवा.'

बाळाबाई : आन् कावळा?

तात्याबा : उतरला, आन् जेवला.

बाळाबाई : जेवला?

तात्याबा : भुकेला आसंल. किती येळ बसला हुता बिचारा.

बाळाबाई : दादा, भुकेलाच हुता तर भावकीच्या येळंला का न्हाई उतरला?

तात्याबा : मला ठावं न्हाई. मी बाभळीआड हुतो. चोर घावल्यागत झालं मला. एवढी वर्सं मला वाटलं, माझ्या पोटातलं कुनाला कळलं न्हाई. आन् ती समद्या गावाला सांगून मोकळी. डोळ्याला पानी आलं माझ्या. कावळा उडून गेला तरी मला उठवंना.

सिदू : आबा, खरं हाय का ते? तुमी वाडा माझ्या अंगाला हलवत हुतासा?

तात्याबा : मेंढरांस्नी तिकडली हवा मानवत हुती.

बाळाबाई : मेंढरांस्नी!

तात्याबा : हसू नगंस. थोडी मला बी मानवत हुती.

सिदू : आत्ती, तू बघितलंस का? आबा आत्ता आय झाले होते.

तात्याबा : कोन झालं?

सिदू : तुमी. हात कमरेवर, मान तिरकी, सगळी आय. मला आय दिसली. त्या राणीचा राजा लढाईवरनं परत येत नाही, आणि मी तिला नुसती रडवत होतो. पदर डोळ्याला लावायचो, हुंदके द्यायचो. आबा, पुन्हा एकदा करून दाखवा.

तात्याबा : मी काय डोंबारी हाय?

सिदू : नका करू. मीच करतो. तुमी सांगा, असा हात?

तात्याबा : न्हाई. जरा खाली. दिसभर काम करून कंबर धरती तसा. हां.

सिदू : 'महाराज, आपण येणार नाही, हे मला सांगायला सारे नगर आले. मी कोणाचे ऐकले नाही. पान वाढले आहे. उशीर करू नका.'

बाळाबाई : अगं बया…

सिदू : आबा?

तात्याबा : व्हय. अशीच उभी हुती.

बाळाबाई : ढब वैनीची घेतलीयास ल्येका. पर नाटक मातुर ह्या म्हाताऱ्याचं हाय. जल्मभर आवडत न्हाई असं सोंग केलं आन् पत्ता लागू दिला न्हाई.

तात्याबा : बाळे, भाकरी वाढ. त्येला बी वाढ. रातच्याला एवढं वराडायचंय त्येला.

सिदू : म्हंजे आबा, मी राहू?

तात्याबा : तिनं शबूद दिला, कावळ्यानं घेतला. आता मी कोन मोडनार? आन् खरं सांगू का? न्यायला आलो खरा, पर वाटभर मनात येत हुतं, ह्यो 'न्हाई येत' म्हनला तर बरं. तू तर एका हाळीत धोतर मागाया लागलास. मनच खट्टू झालं माझं.

सिदू : आबा!

तात्याबा : पाय धरू नगंस, भाकरीत पानी सांडंल. एक सांग. ही मिशी एकडाव काढली की झालं का?

सिदू : न्हाई. रोज काढावी लागती.

तात्याबा : रोज?

सिदू : रोज सकाळी.

तात्याबा : म्हंजी रोज सकाळी मी मरनार.

बाळाबाई : असं काय बोलतुयास? धुळ्यानं मिशीसकट पदर घेतला तवा चाललं गावाला. आन् माझ्या पोरानं बिनमिशीचा घेतला तर…

तात्याबा : तू गप. मी इचार करतुय. सिदू, आज तुझ्या थेटरात मला बसायला जागा मिळंल का?

सिदू : मिळंल की! मास्तरांना सांगून मागच्या अंगाला चांगली…

तात्याबा : मागं न्हाई. पार म्होरं. गॅसबत्तीच्या उजेडात. धुळा बी आलाय संगं, लाजून चाळीत शिरंना, भाईर बसलाय. त्येला माझ्या शेजारी बशीव.

सिदू : पुढं शेठसावकार बसतात आबा.

तात्याबा : बसू देत. माझं घोंगडं लावीन त्यांच्या कडंला.

सिदू : आन् कुणी माझ्या ओठाकडं बघून म्हणलं, बिचाऱ्याचा बाप गेला वाटतं, तर?

तात्याबा : तू काय बोलू नगंस. तू आपलं गात ऱ्हा. मी उठून हुबा ऱ्हाईन.

बाळाबाई : हुबा ऱ्हा, पर लगीच बस. मागच्यांस्नी राणी दिसायची न्हाई.

सिदू : आबा, पण कंपनी हितनं लवकरच हलणार. हुबळीला मुक्काम आहे, मग तिकडंच म्होरं कुटंतरी. तिथं मला कोण ओळखतंय? तिथं कुणी विचारलं तर कोण उभं राहील?

तात्याबा : हुबळीकडं चारा हाय का रं?

सिदू : हाय की. आपल्यापरास बरा असंल.

तात्याबा : मग झालं तर. मेंढरांस्नी काय, तिकडची हवा बी मानवंल.